उजव्या टोकाचा माणूस

काही माणसं घरात बसलेली असली तरी त्यांच्या चपला बाहेर रस्त्याकडे तोंड करून असतात. भिंगरी त्यातला. त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, गल्लीत ते कुणाला आठवत नव्हतं. लहानपणी त्याची आईच म्हणायची की या पोराच्या पायाला देवानं भिंगरी बांधून पाठवलीय. आई गेली, नाव राहिलं.

कामाला तो वाईट नव्हता. काचा बसवायच्या दुकानात होता तेव्हा त्यानं कापलेली काच चौकटीत अशी बसायची, की जणू चौकटच तिच्याभोवती उगवली असावी. पुढे ट्रकवर क्लीनर झाला, रंगाऱ्यांच्या हाताखाली गेला, गॅसच्या टाक्या पोचवल्या, छापखान्यात कागद उचलला. प्रत्येक मालकानं त्याला कामावर ठेवलं आणि प्रत्येक मालकाकडून तो आपणहून निघाला. भांडून नाही, की चोरी करून नाही. एखाद्या दुपारी हातातलं काम नीट बाजूला ठेवायचा, हात पुसायचा आणि चालू लागायचा. कुठे, ते त्यालाही माहीत नसायचं. काही दिवसांनी परत यायचा तो वाळलेला, हसरा, आणि खिशात कुठल्यातरी दूरच्या गावचा दगड नाहीतर तिकीट. मालक तोवर दुसऱ्याला ठेवून मोकळा झालेला असायचा.

त्याची बायको पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन घेऊन बसायची. गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या अंगावरचे कपडे तिच्या सुईखालून गेलेले. बाई कमी बोलायची. दोन ओठांत टाचण्या धरून काम करायची सवय, त्यामुळे बोलायच्या आधी तिला टाचण्या काढाव्या लागत, आणि एवढी खटपट करावी असं बोलणं दिवसाकाठी फारसं नसे. तो निघून गेला की ती मशीन चालवत राहायची. आला की ताट वाढायची. पाहणारे म्हणत, बाईचं काळीज दगडाचं आहे. दगडाचं नव्हतं. दगडाला वाट पाहावी लागत नाही.

तिचा धाकटा भाऊ आमच्या रस्त्याच्या टोकाला वेल्डिंगचं दुकान चालवायचा. रुंद खांद्यांचा, तापट, आणि बहिणीवर जीव टाकणारा. सगळे त्याला वेल्डर म्हणत. भिंगरीला तो ‘दाजी’ म्हणायचा, पण त्या ‘दाजी’त मान किती आणि दात किती, हे ऐकणाऱ्याला कळायचं.

तर अशात आमच्या बंद पडलेल्या दगडखाणीत सिनेमावाले आले.

जुन्या काळातल्या ग्रीक आणि पर्शियन लोकांच्या लढाईचा सिनेमा होता. मूठभर ग्रीक, समोर समुद्रासारखे पर्शियन. खाणीच्या कड्यांना काळा रंग फासून डोंगर केले. मागे हिरवं कापड ताणलं. त्याच्यावर आभाळ आणि गलबतं नंतर कॉम्प्युटरवर घालायची होती. रक्तसुद्धा नंतर घालणार होते. त्यामुळे आम्ही जे युद्ध लढलो ते अगदी कोरडं होतं. मरताना सुद्धा कपडे झटकून उठता येत होतं. ग्रीक व्हायला आमच्या बाजूची माणसं घेतली, कारण दगड फोडून फोडून खांदे तयार होते. पर्शियन पलीकडच्या वस्तीतून आणले. त्यांना दाढ्या लावल्या, झगे घातले, काजळ घातलं. जेवणाच्या तंबूत मात्र पर्शियन नेहमी आधी पोचायचे. तिथे आम्ही रोज हरलो.

आता ढालींची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

ग्रीक सैनिक एकट्यानं लढत नाही, रांगेत लढतो. खांद्याला खांदा. ढाल डाव्या हातात. गोल, मोठी, थाळीसारखी. तिचा अर्धा भाग आपल्या छातीपुढे आणि उरलेला अर्धा डावीकडच्या माणसाच्या उजव्या अंगापुढे. म्हणजे आपलं उजवं अंग आपण झाकायचंच नाही. ते उजवीकडचा माणूस झाकणार, त्याचं त्याच्या उजवीकडचा. कवायत शिकवायला एक मास्तर होते, शिट्टी गळ्यात, पाय जरा ओढत चालणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं की तुमच्या हातातली ढाल तुमची नाही, शेजाऱ्याची आहे. तुमची ढाल शेजाऱ्याच्या हातात आहे. आम्ही माना डोलावल्या. असं वाक्य ऐकायला छान वाटतं. ते खांद्यावर पेलायला वेळ लागतो.

सिनेमाच्या पहिल्या भागात भिंगरी रांगेच्या मधोमध होता आणि त्याच्या डाव्या हाताला वेल्डर. एका दुपारी मोठ्या हल्ल्याचं चित्रीकरण होतं. दोन शॉटच्या मध्ये भिंगरी पाणी प्यायला म्हणून ढाल ठेवून गेला. खाणीच्या तोंडाशी रस्ता आहे. रस्त्यावर त्याच्या ओळखीचा ट्रक उभा होता, बंदराकडे निघालेला. ड्रायव्हर म्हणाला असेल, येतोस? भिंगरीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. अंगात लाल झगा, पायात चामडी पट्ट्यांच्या वहाणा, डोक्यावर टोप. बसला. चेकनाक्यावरच्या शिपायानं म्हणे सलाम ठोकला.

इकडे मास्तरांनी शिट्टी वाजवली. धुरळा इतका होता की जागा रिकामी आहे हे कुणाला दिसलं नाही. पर्शियन ओरडत आले. लाकडी काठ्या होत्या, पण जोर खरा होता. जिथे भिंगरीची ढाल असायला हवी होती तिथून एक काठी आत शिरली आणि वेल्डरच्या गळ्याखालचं उजवं हाड मोडलं.

वेल्डर पडला तो खराच पडला, आणि दिग्दर्शकाला ते पडणं इतकं आवडलं, की सिनेमात त्यानं ते ठेवलं. सावकाश करून ठेवलं. आमच्या थिएटरात सिनेमा लागला तेव्हा सगळी गल्ली पाहायला गेली. पडद्यावर धूळ हळूहळू वर येते, लाल झगे पाण्यात भिजल्यासारखे तरंगतात, ढालींची भिंत दिसते, आणि भिंतीत एक माणूसभर फट. त्या फटीतून काठी येते, सावकाश, इतकी सावकाश की ओरडून सांगावंसं वाटतं. मग वेल्डरचं तोंड वाकडं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ओळीत भिंगरीची बायको बसली होती. तिनं त्या फटीकडे पाहिलं. भाऊ कसा पडला ते तिला आधी नुसतं ऐकून माहीत होतं. बंदरावरून परत आलेला नवरा शेजारी बसला होता, त्याच्याकडे तिनं मान वळवली नाही. थिएटरबाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, ती बघितली का भिंगरीची खिडकी? फटीचं ते नाव त्या दिवसापासून गावभर झालं.

वेल्डरचा हात नंतर खांद्याच्या वर जाईना. डोक्यावरचं वेल्डिंग त्यानं सोडलं. खाली ठेवून करता येईल तेवढंच घ्यायचा. दाजींशी बोलणं मात्र पूर्ण टाकलं. बहिणीकडे यायचा तेव्हा भिंगरी मागच्या दारानं बाहेर जायचा, आणि दोघांत न ठरवता ठरलेला हा वहिवाटीचा रस्ता होऊन गेला.

काही वर्षांनी सिनेमाचा दुसरा भाग ठरला. पहिल्या लढाईतून वाचलेले ग्रीक पुन्हा उभे राहतात, पर्शियन पुन्हा येतात, अशी गोष्ट होती. त्यासाठी जुनेच चेहरे हवे होते. मास्तर घरोघर फिरले. वेल्डर हवाच होता, कारण पडूनही तो पडद्यावर मेला नव्हता. आणि भिंगरी हवा होता त्याच्या डोळ्यांसाठी. पहिल्या भागात एका ठिकाणी कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ जातो, तेव्हा त्याचे डोळे इकडून तिकडे असे फिरतात, की लढाईच्या आधीची भीती म्हणावी तर हीच. दिग्दर्शकानं त्याची आठवण ठेवली होती. त्याला काय माहीत, की भिंगरी चहाला बसला तरी डोळे तसेच फिरतात.

मास्तर भिंगरीच्या घरी बसले होते तेव्हा बायकोनं मशीन थांबवलं. तिलाही काम मिळालं होतं, सैनिकांचे झगे शिवायचं. तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि नवऱ्याला म्हणाली, “हो म्हणणार असाल तर शेवटच्या शिट्टीपर्यंत. मध्येच गेलात तर मग या घराकडे वळू नका.”

तो हसला. दर वेळी तिला हसवायला तो आधी स्वतः हसायचा. ती हसली नाही. मास्तरांनी कप खाली ठेवला आणि त्याच्या तळाकडे बघत राहिले.

“मी हे चिडून बोलत नाहीय,” ती म्हणाली. “एवढंच ध्यानात ठेवा.”

तो हो म्हणाला.

कवायत सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून रांग सरकू लागली. चुन्यानं आखलेल्या रेघेवर आम्ही सरळ उभे राहायचो, पुढे चालत जायचो, आणि थांबलो की सगळी रांग उजवीकडे गेलेली. मास्तर वैतागायचे. कारण साधं होतं. समोरून रबरी टोकांचे बाण यायचे, त्यांचा चटका बसायचा. उजवं अंग उघडं, म्हणून प्रत्येकाला वाटायचं, शेजाऱ्याच्या ढालीआड अजून बोटभर सरकावं. मी सरकलो की माझ्या डावीकडचा माझ्यामागे. असं बोटबोट करत सगळं सैन्य वाकड्या चालीच्या खेकड्यासारखं कडेला जायचं. मास्तर म्हणत, खऱ्या लढायांतही अगदी असंच व्हायचं, जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय; भीतीला दिशा एकच, शेजाऱ्याच्या आड.

यावर उपाय एकच. उजव्या टोकाचा माणूस पक्का पाहिजे. त्याच्या उजवीकडे कुणी नाही, त्याला कुणी झाकत नाही. तो जागेवर राहिला तर सगळे राहतात. तो सरकला की सगळे सरकले.

आणि दिग्दर्शकानं त्या टोकाला भिंगरीला उभं केलं. मोठा कॅमेरा त्या बाजूला होता आणि त्याला ते डोळे हवे होते.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी पुटपुटलं की घराला कुलूप लावून किल्ली वाऱ्याच्या हातात दिलीय. वेल्डर तर सरळ मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, मला कुठेही उभं करा, पर्शियन करा, घोडा करा, पण त्यांच्या डाव्या हाताला नको. मास्तरांनी हात जोडले. पहिल्या भागात दोघे शेजारी होते, दुसऱ्यात तसंच दिसायला हवं, त्यांच्या हातात काही नव्हतं.

मग एक नवीनच प्रकार सुरू झाला. सगळी रांग उजवीकडे सरकायची आणि वेल्डर एकटा डावीकडे रेटायचा. भिंगरीच्या ढालीआड तो यायला तयार नव्हता. तिचा आधार आहे असं धरून चालण्यापेक्षा ती नाहीच असं धरलेलं त्याला बरं वाटत होतं. त्यामुळे भिंगरी आणि वेल्डर यांच्यामध्ये रोज फट पडायची, आणि डावीकडचे आम्ही वेल्डरच्या अंगावर कोंबले जायचो. मी टोकापासून चौथा होतो. माझ्या बरगड्यांना ती दोन घरांतली गोष्ट रोज कळायची.

भिंगरीचं उभं राहणं मात्र बघण्यासारखं होतं. बघवत नव्हतं असंही म्हणता येईल. टाचा जमिनीवर टेकलेल्या, पण वहाणांतली बोटं सारखी चालत असायची, जणू तेवढ्यातल्या तेवढ्यात कुठेतरी जाऊन येत होती. टोपाखाली मानेवरून घामाचा ओघळ उतरायचा तेव्हा खांदा थरथरायचा. रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला की त्याची मान पाव इंच वळायची आणि परत यायची. ओढ दिसायची, अगदी दाव्याला हिसका देणाऱ्या जनावरासारखी. पण दावं कुठे बांधलंय ते दिसायचं नाही. दुपारी मास्तर विश्रांतीची शिट्टी देत, तेव्हा तो ढाल ठेवायचा आणि झग्यांच्या तंबूपर्यंत जाऊन यायचा. बायको आत शिवत असायची. आत जायचा नाही. तंबूची दोरी हातानं चाचपायचा आणि परत फिरायचा. मला वाटतं, आपण अजून इथेच आहोत हे तो तिला दाखवून येत होता. ती वर बघायची की नाही, ठाऊक नाही.

असे दिवस गेले आणि तो टिकला. रांग सरळ राहू लागली. मास्तरांच्या शिट्टीतला वैताग कमी झाला. आम्हाला वाटलं, आता होईल पार. पण घोडं पेंड खायचं ते खातंच.

दिग्दर्शकानं आतापर्यंतचं काम बघितलं आणि शेवट बदलला. आधी रांग शेवटपर्यंत उभी राहणार होती. आता त्याला ती फुटलेली हवी होती. भिंत फुटते ती टोकाकडून, तो म्हणाला. टोकाचा सैनिक धीर सोडतो, ढाल टाकतो, पळतो, आणि मग सगळं सैन्य कोसळतं. तो भिंगरीकडे बघून फार आनंदानं बोलत होता. तुमचे डोळे बघूनच मला हे सुचलं, म्हणाला.

भिंगरी म्हणाला, “मी नाही पळणार.”

सगळी खाण हसली. पर्शियनसुद्धा हसले. ज्याला जन्मभर पळ म्हणून सांगावं लागलं नाही, तो सांगितल्यावर नाही म्हणत होता. दिग्दर्शकाला हसण्याचं कारण कळेना. त्यानं समजावलं की हे नाटक आहे, खरं पळणं नाही. भिंगरी मान खाली घालून म्हणाला, घरी शब्द दिलाय. मग दिग्दर्शकाचाही आवाज जरा सपाट झाला. हरकत नाही, तो म्हणाला, दुसरा माणूस उभा करू, तुम्ही झगा जमा करून जा.

म्हणजे बघा, कसा अडकला तो. पळालो तर जागा सोडली. नाही पळालो तर काम मध्येच सुटलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर बायको उभी. शिवाय अजून एक होतं, ते तो कुणाला बोलला नाही, पण मला त्याच्या तोंडावर दिसलं. हा सिनेमा गावात लागणार होता. गेल्या वेळी त्याचं नसणं दिसलं होतं. आता तो ढाल टाकून पळताना दिसणार होता, सावकाश, टाळ्यांच्या गजरात.

तो तंबूकडे गेला. या वेळी आत गेला. आम्हा दोघाचौघांचे झगे उसवले होते म्हणून मी तिथेच होतो, आणि वेल्डरही, खांद्यावरचा पट्टा बांधून घेत बसलेला. भिंगरीनं बायकोला सगळं सांगितलं. सांगताना सुद्धा उभा होता, एकदा या खांबाशी, एकदा त्या. तिनं सुई थांबवली नाही. त्याचं बोलून झालं तेव्हा तिनं दोरा दातांनी तोडला.

“पळायला कोण नको म्हणतंय?” ती म्हणाली. “तुम्ही जाता, त्याला मी आजवर कधी काही बोलले का? तुम्ही वेळेवर परत येत नाही. माझं सगळं दुखणं तेवढंच आहे.”

तो खांबाला टेकला. तंबूत उकडत होतं. वेल्डर पट्ट्याच्या बक्कलाशी खटपट करत होता. बहिणीचं वाक्य त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग किती वर्षांनी कोण जाणे, त्यानं दाजींना हाक मारली.

“दाजी, तुम्ही पळालात की काठी माझ्यावरच येणार. गेल्या वेळीही तेच झालं. फरक एवढाच, की आता ती येणार हे मला ठाऊक असेल.”

भिंगरी त्याच्याकडे वळला. “कधी येणार तेही ठाऊक असू दे,” म्हणाला. “निघायच्या आधी मी ढाल तुझ्या ढालीवर आपटेन. आवाज आला की डावीकडे लोळायचं. बघत बसू नकोस.”

“आणि आपटायला विसरलात तर?”

“तर तुझ्या मोडलेल्या हाताचा गुद्दा लागतो कसा, ते बघायचंय मला.”

वेल्डर हसला नाही, पण बक्कल एकदाचं लागलं.

दुपार कलल्यावर शॉट लागला. रांग उभी राहिली. मास्तर चुन्याची पिशवी घेऊन खाणीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथे एक रेघ मारली. भिंगरीनं पळत येऊन त्या रेघेवर थांबायचं, पुढे कॅमेऱ्याला दिसत नव्हतं. पुढे रस्ता होता. समोर पर्शियन ओरडू लागले. पंख्यांनी धुरळा उडवला. मी चौथा, मला भिंगरीची पाठ आणि वहाणांतली बोटं दिसत होती. बोटं थांबली होती. त्याला ओळखत होतो तितक्या वर्षांत ती थांबलेली मी प्रथमच पाहिली.

खण्ण. ढालीवर ढाल आपटली. वेल्डर लोळला. काठ्या त्याच्या जागेवरून मोकळ्या गेल्या. आणि भिंगरी पळाला.

तसं पळणं मी पुन्हा बघितलं नाही. ढाल एकीकडे, टोप एकीकडे, लाल झगा मागे सरळ ताणलेला. इतक्या दिवसांचं उभं राहणं पायांत साठलं होतं ते सगळं एकदम सुटलं. दिग्दर्शक खुर्चीतून उठला. भिंगरी कॅमेऱ्यासमोरून गेला, चुन्याच्या रेघेवरून गेला, खाणीच्या तोंडातून बाहेर गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला.

“कट,” झालं. दिग्दर्शक टाळ्या वाजवत होता. कमाल, म्हणाला, आता हाच शॉट बाजूच्या कॅमेऱ्यानं पुन्हा घेऊ. बोलवा त्यांना.

मास्तरांनी शिट्टी दिली. कड्यावर आपटून ती परत आली. अजून एकदा दिली. पंखे बंद केले. धुरळा खाली बसू लागला तशी रस्त्यावरची ये-जा ऐकू येऊ लागली. एक ट्रक आला, वळणावर वेग कमी केला, भोंगा वाजवला, आणि गिअर बदलत पुढे गेला. आवाज लांब लांब होत गेला. आम्ही सगळे वळणाकडे बघत होतो. पर्शियनही.

वेल्डर उठून उभा राहिला होता. अंगावरची धूळही झटकली नाही त्यानं. “गेले,” एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असा आवाज.

तंबूच्या दाराशी बायको आली होती. हातात कुणाचातरी अर्धवट शिवलेला झगा. ती खाणीच्या तोंडाकडे बघत होती. चेहरा तोच, ताट वाढतानाचा. फक्त हातातल्या कापडाची ती घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. मास्तरांनी तिसऱ्यांदा शिट्टी तोंडाला लावली आणि न वाजवताच खाली सोडली.

दिग्दर्शकानं घड्याळ पाहिलं. ऊन उतरत होतं. दुसऱ्या कुणाला तरी टोकाला उभं करावं का, असं तो मास्तरांना विचारत होता, तेवढ्यात कड्याच्या सावलीतून भिंगरी आला. चालत. एक पाय उघडा, तुटलेली वहाण हातात. छातीचा भाता चाललेला. त्याला बोलायला वेळ लागला.

“थांबताच येईना,” तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही, सगळ्यांनाच असेल. “नाल्याच्या पुलापर्यंत गेलो. तिथनं वळलो.”

मास्तर बोलायला तोंड उघडत होते, पण तो त्यांच्याजवळून सरळ वेल्डरपाशी गेला.

“लागलं?”

“नाही,” वेल्डर म्हणाला.

बायको पुढे आली. तिनं त्याच्या हातातली वहाण घेतली, उलटीसुलटी करून तुटलेला पट्टा पाहिला, आणि तिथेच एका दगडावर बसून तो शिवायला घेतला. चामड्यातून सुई जाईना, तेव्हा तिनं ती दगडावर टेकून दाबली. तो एका पायावर उभा राहिला. तोल जायला लागला तसा वेल्डरनं आपला चांगला खांदा त्याच्या हाताखाली दिला. न बघता, भिंतीनं द्यावा तसा.

“पुन्हा आहे म्हणे,” ती म्हणाली.

“हो.”

“मग घाला.”

त्या दिवशी तो पुन्हा पुन्हा पळाला. बाजूच्या कॅमेऱ्यासाठी, खालच्या कॅमेऱ्यासाठी, एकदा कॅमेऱ्यात काही अडकलं म्हणून उगाच. दर वेळी रेघ ओलांडून जायचा. दर वेळी मास्तर कपाळाला हात लावायचे. दर वेळी धापा टाकत परत यायचा, ढाल उचलायचा, वेल्डरच्या उजव्या हाताला उभा राहायचा. कुठल्या वेळी ते मला सांगता येणार नाही, पण मध्येच केव्हातरी माझ्या बरगड्यांवरचा दाब कमी झाला. बघतो तर वेल्डर डावीकडे रेटत नव्हता. सगळ्यांसारखाच बोटभर उजवीकडे सरकला होता. मास्तरांनी पाहिलं. रांग वाकडी होते म्हणून ओरडायला हवं होतं. ओरडले नाहीत.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा कडे खरेच काळे दिसत होते. दाढ्या काढलेले पर्शियन आणि टोप काढलेले आम्ही एकाच रस्त्यानं घरी निघालो. माझ्यापुढे ती तिघं होती. भिंगरी नेहमीसारखा भराभर पुढे गेला. बायको आणि वेल्डर मागे, आपल्या चालीनं. रस्ता जिथे दोन होतो तिथे तो थांबला. वळून पाहिलं. ती अजून लांब होती. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला, परत पहिल्यावर घेतला, कडेच्या विजेच्या खांबाला हात लावला, काढला. एक ट्रक त्याच्या अंगाला वारा देऊन गेला. ती येईपर्यंत तो तिथेच चुळबुळत उभा होता.